ओपा म्हणजे सगळं

सोमवार, ४ नोव्हेंबर

पोचले एकदाची आरेग्वाला. बसमध्ये कंडक्टर माझ्या कोंबडीचं तिकीट मागत होता. म्हटलं, बाबा, ती माझ्या मांडीवर बसली आहे, सीट तुझ्या सासूला दे. सगळी बस हसली आणि तो पुढे निघून गेला.

लेकीचं, निमियाचं, घर छान आहे. टेकडीच्या उतारावर आहे. मागच्या ओसरीवरून तळं दिसतं, अंगणात आंबा आहे, नळाला पाणी आहे. मला वेगळी खोली दिली, खिडकीला डासांची जाळीसुद्धा. कारापेग्वाला मुलाच्या घरी सुनेचं एक तोंड, माझं एक तोंड आणि मध्ये एकच चूल. तिथून सुटले म्हणून आज बसमध्येच मनातल्या मनात दोन गिरक्या मारल्या. निमियाला शाळेच्या स्वयंपाकघरात काम लागलं आहे, घर दिवसभर रिकामं असतं, म्हणून तिनं बोलावलं. मी कसली नको म्हणते!

ही वही तिकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या हुकमानं. रोज चार ओळी लिहा, न्या सेवेरा, म्हणजे डोकं गंजणार नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुका असतील, त्या मोजायला कोणी बोलावलेलं नाही.

पुढच्या खोलीत कोपऱ्यात जावयाचं टेबल आहे, त्यावर त्याचा कॉम्प्युटर, आणि त्यावर निमियानं विणलेला रुमाल, वेदीवर घालतात तसा. एवेलिओला जाऊन वर्ष होत आलं. दाढी करता करता हृदय थांबलं. माणूस वाईट नव्हता, बोलका फार. इथल्या रेडिओवर सकाळी आमच्या ग्वारानी भाषेत बोलायचा, अर्धं गाव त्याचा आवाज ऐकत तेरेरेचा गार काढा प्यायचं. माझ्या हातच्या प्रत्येक रश्श्याला मीठ कमी म्हणायचा. तेवढं सोडलं तर बाकी माफ.

बुधवार, ६ नोव्हेंबर

हे काय लावलं आहे पोरीनं? कामावरून येते, चप्पलसुद्धा काढत नाही, थेट त्या मशीनपुढे. रुमाल बाजूला, बटण दाबलं, काळा पडदा. त्यावर पांढरी एक ओळ, पासवर्ड द्या. ही काहीतरी टाइप करते. मशीन विचार करतं, इतका विचार करतं की तेवढ्यात माझा मंडिओकाचा एक कंद सोलून होतो, आणि मग म्हणतं, चूक. पुन्हा टाइप. पुन्हा चूक. माझा तेरेरेचा बर्फ वितळून गेला, ही उठली नाही.

विचारलं तर म्हणाली, आई, तो आत आहे. म्हटलं, कोण? म्हणाली, एवेलिओ. त्याचे सगळे कार्यक्रम, लग्नाची फिल्म, तिला फोनवरून पाठवलेले आवाज, सगळं त्या डिस्कवर. रेडिओवाल्यांनी त्यांच्याकडचं पुसून टाकलं. फोन चोरीला गेला. उरलं ते इथं, आणि जाण्याआधी त्यानं डिस्कला कुलूप घालून ठेवलं, कारण रेडिओवर दोघाचौघांना झोंबेल असं बोलायचा आणि भ्यायचा.

बोलताना तिच्या गालाची हाडं दिसली मला. आल्या दिवशी दिसली नव्हती, की मी पाहिली नव्हती कोण जाणे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

विल्फ्रीदो येऊन गेला. मोठ्या रस्त्यावर याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोट आधी घरात येतं, मग तो येतो. एक तास बोलला, अर्धा तास स्वतःबद्दल.

म्हणे कॉम्प्युटरला कुलपं तऱ्हेतऱ्हेची असतात. एक असतं चालू झाल्यावर नाव विचारणारं. ते नुसता दारावरचा पडदा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं उघडं. दुसरं एखाद्याच पेटीला लावतात. घर उघडं, पेटी बंद. आणि तिसरं आपल्या एवेलिओनं लावलं ते, अख्ख्या डिस्कचं. त्यात दार बंद होत नाही, आतलं सगळं किसून पीठ होतं. किल्ली दिली की पिठाचा पुन्हा जसाच्या तसा कंद. नाही दिली तर जन्मभर पीठ.

मी विचारलं, किसलेल्या मंडिओकाचा परत कंद होतो हे तुला कोणत्या गाढवानं सांगितलं? म्हणतो, न्या सेवेरा, हेच तर गणित आहे! म्हटलं, गणित तिसरीपर्यंत मीही केलं आहे, हे चेटूक आहे.

त्या तिसऱ्यातही पुन्हा दोन जाती. एकीत किल्ली माणसाच्या डोक्यात. दुसरीत किल्ली मशीनच्या पोटातल्या एका चिपमध्ये, म्हणजे माल त्या मशीनच्या आत असेल तोवर आपोआप उघडा, कोणाला काही टाइप करायला नको, आणि बाहेर काढला की पीठ. एवेलिओनं पहिली जात घेतली. अडीनडीची दुसरी किल्ली त्या जातीत नसतेच.

म्हणजे किल्ली त्याच्या डोक्यात, म्हटलं, आणि डोकं आपण पुरून बसलो.

निमिया उठून आत गेली. बोलायला नको होतं, पण खोटं काय होतं त्यात?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज तीच कटकट. नात्यातल्या मुलांची नावं, कुत्र्याचं नाव, फुटबॉलच्या संघाचं नाव, काकुपेच्या कुमारी मातेचं नाव. सगळ्याला मशीन म्हणतं चूक. शाळेतून तिच्या मुकादमबाईचा निरोप आला की निमियानं काल रश्श्यात दोनदा मीठ घातलं आणि आज एकदाही नाही. जेवत नाही. झोपेतसुद्धा उशीवर बोटं चालतात.

शेवटी रागावून म्हटलं, त्यानं कधी काही बोलून ठेवलं नव्हतं का, की रेडिओवरच सगळी बडबड खर्चली? तर म्हणाली, बोलला होता एकदा, हसत. म्हणाला होता की किल्ली म्हणजे माझी सासू, तिला ओलांडून कोणाची आत जायची टाप आहे?

अस्सं. मेला तरी माझ्या नावानं शहाणपणा.

मग माझं नाव घालून पाहिलं. लहान अक्षरांत, मोठ्या अक्षरांत, जोडून, तोडून. चूक, चूक, चूक. निमियानं कपाळ टेबलावर आपटलं. मी रुमाल उचलून मशीनवर टाकला आणि म्हटलं, उद्यापासून याला हात लावलास तर मी कोंबडी घेऊन कारापेग्वाला परत. ती म्हणाली, जा.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

उघडलं!

आणि कशानं उघडलं ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या माझं मलाच पटायचं नाही. विल्फ्रीदो चार्जर द्यायला आला होता. निमिया टाइप करत होती, मी मागे उभी. मला दिसलं की ती न्या सेवेरा लिहीत नाही, ना सेवेरा लिहिते. म्हटलं, माझी शेपटी कुठं गेली? न्याच्या न वर नागमोडी शेपटी असते, वयानं मोठ्या बाईच्या नावाआधी न्या लावतात, मी काही पोरगी नाही. निमिया वैतागून म्हणाली, आई, या कीबोर्डवर शेपटीचा न नाहीच, हा स्वस्तातला गोऱ्यांचा कीबोर्ड आहे. आधीच्यावर कोसिदोचा चहा सांडला म्हणून तो गेल्यावर हा आणला. आणि शेपटी नसली की सगळे साधाच न लिहितात, फोनवरही.

विल्फ्रीदोनं स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली की कोंबडी ओरडली. म्हणतो, काळ्या पडद्याला अक्षरं कळत नाहीत, त्याला फक्त बोटाची जागा कळते! एवेलिओचं बोट शेपटीच्या न वर पडायचं, ती जागा एलच्या शेजारची, तिथं आता अर्धविराम आहे. तोच दाबा.

निमियानं अर्धविराम दाबला, पुढं माझं नाव. मशीन विचार करत बसलं. आणि उघडलं.

दोन दिवस ही पोर मला ना म्हणत होती आणि मशीन तिला.

मग त्याचा आवाज आला. सुप्रभात आरेग्वा, पाणी थंड करा. निमिया खाली फरशीवर बसली. मी ओसरीवर जाऊन मंडिओका किसला. डोळ्यांत काहीतरी गेलं असेल.

सोमवार, १८ नोव्हेंबर

निमिया हसते, जेवते, वेळेवर कामाला जाते. आज जाताना सांगून गेली की विल्फ्रीदो येईल, त्याला म्हणावं ते कुलूप काढूनच टाक, परत हा छळ नको.

आला तो भर दुपारी, माणसं झोपतात तेव्हा. चुलीवर रस्सा, हातात बाजारातून आणलेल्या कोंबडीची पिसं, डोक्यावर ऊन. तो आतून ओरडतो, न्या सेवेरा, पडदा विचारतो आहे काय करायचं? पूर्ण काढायचं, की एकाच पेटीला ठेवायचं, की चिपवालं लावून देऊ, नव्या तऱ्हेचं, टाइप करायलाच नको? मी ओरडले, निमियानं सांगितलं तेच! तो पुन्हा, पण फक्त त्याच्या कार्यक्रमांचं, की वापरलेल्या जागेचं, की... इकडे रस्सा उतू जातो आहे. मी ओरडले, ओपा!

आमच्याकडे ओपा म्हणजे संपलं. आटप, पुरे, निघ आता. आणि ओपा म्हणजे सगळंही. हे कोणाला सांगावं लागत नाही, आवाजावरून कळतं. पण रेंगाळलेल्या पोटवाल्याला नाही कळत.

त्यानं सगळं केलं. म्हणजे सगळ्याला चिपवालं कुलूप. मी आत गेले तेव्हा पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि खाली लिहिलं होतं, काम चालू ठेवा, तुम्हाला काही जाणवणार नाही. मी म्हटलं, मेल्या, काढ म्हणून सांगितलं होतं. तर म्हणतो, तुम्हीच ओपा म्हणालात. दोघं भांडलो. शेवटी म्हणाला, अहो उलट बरं, निमियाला काही करावंच लागणार नाही, आपोआप उघडेल. पट्टी अजून सुरुवातीलाच होती, तोवर हा दुकान उघडायला पळाला.

बुधवार, २० नोव्हेंबर

पट्टी पूर्ण भरली. तरी थांबली नाही. काठावर येऊन पुन्हा पहिल्यापासून भरते आहे. विल्फ्रीदोला फोन केला, म्हणाला, दिसण्यातला दोष असेल.

आज दुपारी निमिया घरी होती. एवेलिओचा कार्यक्रम लावून आम्ही जेवत होतो. पावसाचं बोलत होता, बैलांचं बोलत होता. मध्येच म्हणाला, न्या सेवेरा, आजही मीठ कमी.

मी निमियाकडे पाहिलं. म्हटलं, हे कधीचं रेकॉर्डिंग? ती म्हणाली, आई, वाढ ना त्याला.

मी चाखून पाहिलं. मीठ खरंच कमी होतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

घाबरण्यासारखं काही नाही, असं स्वतःला सांगून लिहिते आहे. म्हातारीचं डोकं आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या.

काल निमिया कामावर गेली आणि तासाभरात परत आली. रडत नव्हती, नुसती गोंधळलेली. म्हणाली, माझं बोलणं कोणाला कळेचना. मुकादमबाई म्हणाली, पोरी, तोंडात काय भरलंस? मुलं हसायला लागली, मग एक रडायला लागलं, मग सगळी. मला म्हणाली, आई, माझा चेहरा ठीक आहे ना? चेहरा छान होता. मी आल्यापासून नव्हता इतका छान होता.

संध्याकाळी कारापेग्वाहून मुलाचा फोन. सुनेचा आवाज मागून येत होता, ही काय वाळू चाळते आहे का. मुलगा म्हणाला, आई, काही ऐकू येत नाही, नुसती खरखर. मी ओरडून ओरडून सांगितलं. त्यानं ठेवून दिला.

आणि इथं ओसरीवर एवेलिओ आणि निमिया गप्पा मारतात. रोज. तो विचारतो, ती सांगते. ती विचारते, तो सांगतो. आंबे पिकायला आले, असं आज म्हणाला. तो गेला त्या वर्षी आंब्याला मोहरच धरला नव्हता.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज करून पाहिलं. भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला आणि फाटकाकडे घेऊन गेले. फाटकाच्या आत फोटो ठीक. नवरा, नवरी, मागे मी, तोंड वाकडं केलेली. एक पाऊल बाहेर टाकलं, फोटो पिठासारखा. बारीक करडे ठिपके, चाळणीतून सांडल्यासारखे. पाऊल आत, पुन्हा तिघं. बाहेर, पीठ.

मग कोंबडी नेली. बाहेर काय दिसलं ते लिहीत नाही. आत आणली तर कोंबडीच होती. दाणे टिपले तिनं.

हे चिपवालं कुलूप. त्या मशीनच्या आत असेल तोवर उघडं. बाहेर काढलं की. विल्फ्रीदोनंच सांगितलं होतं. फक्त मशीन किती मोठं ते सांगितलं नव्हतं त्यानं. ओपा म्हटलं ना मी, सगळं. तर हे ऐकणारं कोण होतं? तो पोटवाला होता की ते मशीन होतं?

निमियाला दाखवलं. ती म्हणाली, मग बाहेर कशाला जायचं?

गुरुवार, २८ नोव्हेंबर

विल्फ्रीदोकडे गेले. स्वतः, चालत, उन्हात. म्हटलं, फोनवर खरखर होते तर तोंडासमोर सांगते.

वाटेत चिपाचे पाव विकणारी बाई, रोज हाक मारते ती, टोपली टाकून पळाली. मी हाक मारली तर कानांवर हात.

विल्फ्रीदो दुकानाच्या आत उभा होता. मी म्हटलं, मुला, चल घरी, ते कुलूप काढ. स्वच्छ बोलले मी. माझ्या कानाला माझं बोलणं बरोबर लागत होतं. तो भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला. तो मला न्या सेवेरा म्हणाला नाही. बाई म्हणाला नाही. हे काय आहे, म्हणाला. माझ्याकडे बोट करून, हे काय आहे.

म्हणून कागदावर लिहून दाखवलं. आधी घरून लिहूनच नेलं होतं, कुलूप काढ, एवढंच. त्यानं कागद पाहिला, मी पाहिला. कागदावर पीठ. त्याचीच पेन्सिल ओढून पुन्हा लिहिलं, माझ्या हातानं, त्याच्या समोर. अक्षर उमटत होतं आणि उमटता उमटता —

त्यानं शटर ओढलं.

म्हणजे मीसुद्धा. मला वाटलं होतं मी पाहणारी आहे.

रविवार, १ डिसेंबर

निमियाच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, पोरी, ते कुलूप आतून काढता येतं, किल्ली लागत नाही, पडद्यावरच बटण असतं म्हणाला होता विल्फ्रीदो. काढूया. आपण दोघी बाहेर जाऊ. ती म्हणाली, आणि तो? म्हटलं, तो मेला आहे. ती म्हणाली, इथं नाही.

तिच्या ताटात दोनच चमचे अन्न. दिवसभर घरातच. केस विंचरत नाही, पण चेहऱ्यावर तेज, दिव्यातल्या किड्याच्या पंखांसारखं. पिशवीतलं पीठ संपत आलं आहे. बाहेरून आणायचं कोणी? दुकानात जाऊन मी खरखर करायची?

एवेलिओ आज मला म्हणाला, न्या सेवेरा, तुम्ही त्या मशीनला हात लावायचा नाही. प्रेमानं म्हणाला. रेडिओवर म्हणायचा तसं.

मी म्हटलं, जावईबापू, माझ्या लेकीला मी नऊ महिने पोटात वागवलं आहे, तू सात वर्षं नुसती बडबड केली आहेस. गप्प बस.

 

मंगळवार, ३ डिसेंबर

दुपार. निमिया झोपली आहे. मी मशीनपुढे.

वाचायला वेळ लागतो. अक्षर लावून लावून वाचते. चष्मा घामानं घसरतो. पडद्यावर हे एवढे पर्याय, देवा, एकाला सरळ नाव नाही. कुलूप थोपवून ठेवा, म्हणजे तात्पुरतं, ते नको. कुलूप बदला, नको. दुसऱ्या डिस्कलाही लावा, नको नको. अडीनडीची किल्ली जतन करा, कुठे? विल्फ्रीदोनं याच डिस्कवर ठेवली आहे, गाढवानं, पेटीची किल्ली पेटीत.

सापडलं. सर्वांत खाली. कुलूप कायमचं काढा.

मग विचारतं, नक्की? खाली लिहिलं आहे, काम पूर्ण होईपर्यंत मशीन बंद पडू देऊ नका. बंद पडल्यास काही भाग या अवस्थेत, काही त्या अवस्थेत राहील.

तोंडानं काही बोलले नाही. ओपा तर नाहीच. बोटानं दाबलं.

पट्टी आली. उलटी सरकते आहे. सरकते आहे.

तीच दुपार

पट्टी निम्म्यावर आली. मी फाटकाशी जाऊन पाहिलं, फोटो बाहेर नेला — नवरी दिसते! नवरा पीठ. मागे मी अजून पीठ. पण निमिया दिसते. काम होतं आहे.

एवेलिओ बोलायला लागला. आधी विनवण्या. सासूबाई, थांबवा. मग कार्यक्रम — सुप्रभात आरेग्वा, सुप्रभात, सुप्र — मग बैलांचं, मग पावसाचं, सगळं एकदम, वर्षांचे कार्यक्रम एकमेकांत — मग वाळू. वाळूत मध्येच निमिया, निमिया.

ती जागी झाली. पायांचा आवाज —

तीच

मी आडवी गेले होते. दारात. सगळ्या अंगानं. ढकललं मला, तिनं, माझ्या पोरीनं. ओरडत होती, तो चालला, आई, तू त्याला दुसऱ्यांदा मारते आहेस. मी म्हटलं, थांब, थोडंच राहिलं, तुझंच — ऐकलं नाही. वायर धरली दोन्ही हातांनी आणि भिंतीतून उपटली.

पडदा काळा.

आवाज नाही. त्याचा नाही, कसलाच.

मग ती माझ्याकडे वळली.

मंगळवार, अजून

काही भाग या अवस्थेत काही त्या.

वायर परत लावली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. गरम वास येतो आहे आतून, त्या चिपचा, किल्लीचा.

ती समोर बसली आहे. हात माझ्या हातात आहे, हा हात अजून हात आहे. बोलायचा प्रयत्न करते. काठाकडून तिच्यावर पीठ सरकतं आहे, हळू, पट्टी सरकायची तसं. लिहून ठेवते भराभर. विसरायच्या आत, निसटायच्या आत, मला दिसतं आहे तोवर.

निमिया. माझी थोरली. कारापेग्वाला जन्मली, ऊस तोडायच्या दिवसांत. रंग माझा. उंची माझ्या कानापर्यंत. केस कुरळे, तेलाला दाद देत नाहीत. हसली की वरचा दात दिसतो तिरका, मी म्हणायची बसवून घे, ती म्हणायची असू दे आई. नाक बापाचं. उजव्या गालावर — गालावर होतं काहीतरी, आत्ता होतं — असू दे, पुढं. भुवया जाड. मान — मान गेली — नाही, आहे. डोळे. माझ्याकडे बघते आहे. डोळे मला माहीत आहेत, मी पहिल्यांदा पाहिले ते सुईणीच्या हातात, ते होते, त्यांचा रंग होता — बघ माझ्याकडे, निमिया, हलू नकोस — डोळे तिचे होते —